सिंधुबाईंचा अंगठा

१

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, रेशन दुकानासमोर पंधरा-वीस बायकांची रांग उभी असताना, उज्वलाच्या फोनवर एका कागदाचा फोटो आला. काट्यावर झुंबरबाईचा गहू होता. उज्वलानं तो तसाच ठेवला आणि फोटो मोठा करून वाचायला घेतला.

“मी, खाली अंगठा करणार सिंधुबाई, मयत प्रफुल्लची आई, लिहून देते की माझ्या मुलाचं प्रेत इकडे पाठवू नये. जे काय करायचं ते तिथंच करावं. हे मी राजीखुशीनं, कुणाच्या दबावाखाली न येता लिहून देत आहे.”

खाली निफाड, शनिवारची तारीख, आणि एक जांभळा अंगठा.

प्रफुल्ल हा उज्वलाचा धाकटा दीर. तीन वर्षांपासून ओमानात, सोहारला, एका शीतगृहात पेट्या चढवायच्या कामावर होता. दहा दिवसांपूर्वी रात्री खोलीत झोपला तो सकाळी उठला नाही. चौतीस वर्षांचा माणूस. तेव्हापासून घरात चूल पेटत नव्हती. शेजारपाजारून येईल ते खायचं आणि विमानाची वाट बघायची, एवढंच चाललं होतं.

फोटो पाठवणारा तिकडचा एक मल्याळी गृहस्थ होता. परक्या मुलखात मेलेली माणसं घरी पोचवायचं काम तो पदरमोड करून करायचा. उज्वलानं त्याचा नंबर ‘ओमान सर’ म्हणून ठेवला होता. फोटोखाली त्यानं हिंदीत लिहिलं होतं: आईची इच्छा समजली. गुरुवारी सकाळी इथंच दहन ठरवलं आहे.

“काय गं, गहू पळाला का काट्यावरनं?” झुंबरबाई म्हणाली.

 उज्वला त्या अंगठ्याकडे बघत होती. दोन बोटांनी ताणत ताणत तिनं तो पडदाभर केला. रेषा स्वच्छ होत्या, एकीच्या आत एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

हा अंगठा तिच्या सासूचा असणं शक्यच नव्हतं.

२

गावात कुणाचा अंगठा उमटतो आणि कुणाचा नाही, हे उज्वलाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवल्याशिवाय धान्य मिळत नाही. आणि कादवेच्या काठच्या या गावात निम्म्या बायकांचे अंगठे मशीन घेत नाही. द्राक्षाची छाटणी झाली की डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, ती हातानं. मग विरळणी, मग घड औषधात बुडवायचे. दहा-वीस हंगाम गेले की बोटांवर कातडं राहतं, रेषा राहत नाहीत. अशा सत्तावीस बायका गावात होत्या आणि उज्वलाला त्यांची नावं तोंडपाठ होती. त्या यादीत पहिलं नाव तिच्या सासूचं होतं. सिंधुबाईंचा अंगठा मशीननं इतक्यांदा नाकारला होता, की उज्वलानं तो मागणंच सोडून दिलं होतं. घरचं धान्य नवऱ्याच्या, सोमनाथच्या, अंगठ्यावर निघायचं. मध्ये केवायसी करायची वेळ आली, तेव्हाही तिनं सासूबाईंचं काम चेहऱ्याच्या ॲपवर भागवलं.

रांगेला थांबायला सांगून ती मागच्या खोलीत गेली. सिंधुबाई भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. बातमी आल्या दिवसापासून त्या दुसरं काही करत नव्हत्या. कापसाचा पुंजका घ्यायचा, मांडीवर फिरवायचा, वात सुपात टाकायची. सूप भरलं होतं. बोलणं जवळजवळ बंदच होतं.

“आत्याबाई, तुम्ही कुठल्या कागदावर अंगठा दिलात का?”

सिंधुबाईंनी मान वर केली नाही.

“माझा अंगठा उमटतोय कुठं? तूच सांगती ना समद्यांना.”

उज्वलाला तेवढं पुरलं. बाहेर येऊन तिनं ओमान सरांना फोन लावला. कागद खोटा आहे, थांबवा, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ताई, घरात दोन तोंडं असली की कागद अडकतो, हे मी शंभरदा पाहिलंय. खोटा असेल तर कुणी केला ते शोधा, आणि आईला कॅमेऱ्यासमोर बोलू द्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

फोन ठेवून तिनं पाहिलं तर रांग जिथल्या तिथं उभी होती आणि सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

“घ्या,” झुंबरबाई शेजारणीला म्हणाली, “आमच्या सीआयडीला पुन्हा काम लागलं.”

कुणी हसलं नाही.

३

[निफाडच्या पुरवठा शाखेत तीन वर्षांपूर्वी दिलेला अर्ज]

मी, उज्वला सोमनाथ, रास्त भाव दुकानदार, अर्ज करते की, गेल्या रविवारी मी लग्नानिमित्त लासलगाव येथे गेले असता माझ्या दुकानातून गव्हाची चौदा पोती कमी झाली. कुलूप तुटलेलं नाही. मशीनमध्ये पाहिले असता ते त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या दिराच्या, म्हणजे प्रफुल्लच्या, अंगठ्यावर उघडलेलं दिसलं. दुकानावर मदतनीस म्हणून त्याच्या अंगठ्याची नोंद आहे. विचारणा केली असता त्याने मशीन आपणच उघडल्याचं कबूल केलं. का उघडलं याचं उत्तर दिलं नाही. तरी सदर प्रकार त्यानेच केला आहे. अधिक चौकशीची गरज वाटली नाही. त्याचं नाव दुकानावरून कमी करावं. यात माझा किंवा माझ्या पतीचा काही संबंध नाही.

४

पिंपळगाव बसवंतला हायवेलगत एका पॅकहाउसच्या माडीवर किशोरचं ऑफिस होतं. खाली बायका द्राक्षं पेट्यांत भरत होत्या, वर किशोर माणसं आखातात पाठवत होता. प्रफुल्लला त्यानंच पाठवलं होतं. गावाहून तिथं पोचेपर्यंत उज्वलाच्या मनात तोच पहिला संशयित होता. प्रेत परत आलं की कंपनी प्रश्न विचारते, पाठवणाऱ्याला उत्तरं द्यावी लागतात. तिथंच सगळं उरकलं तर बरंच.

“वहिनी, माझ्या पोटावर पाय देऊ नका,” किशोर म्हणाला. “मला फोटो आला, मी हिंदीत अर्थ लिहून पुढं ओमानला पाठवला. एवढाच माझा गुन्हा.”

“कुणाकडून आला?”

त्यानं फोन तिच्यासमोर धरला. शनिवारी दुपारी एक वाजता. नंबर सोमनाथचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. खाली दोनच शब्द: ‘लवकर पाठवा.’

उज्वला खुर्चीवर मागं टेकली. खालून पेट्यांना पट्टी मारायचा आवाज येत होता.

“मीसुद्धा चक्रावलो,” किशोर म्हणाला. “पण घरचा निर्णय, मी कोण विचारणार? एक सांगू का. तुमचा दीर वेगळाच माणूस होता. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा पगार विचारतो. ह्यानं विचारलाच नाही. म्हणाला, सगळ्यात लांबचं कुठलं? मी म्हटलं, परत कधी यायचंय? तर म्हणाला, नाव मोकळं झालं की.”

“कसलं नाव?”

किशोर तिच्याकडे बघत राहिला. तिला कळत कसं नाही, हेच त्याला कळत नव्हतं.

“त्याचं, वहिनी. आणखी कुणाचं?”

५

[लासलगावला नणंदेच्या ओसरीवर. उज्वलाचे प्रश्न इथं दिलेले नाहीत, कारण अंजलीनं ते पुरे होऊच दिले नाहीत.]

“ये, बस. पाणी घे. चहा नाही विचारत, सुतक आहे.”

“हो, शनिवारी आले होते. आईला घेऊन निफाडला गेले. डोळे दाखवायचे होते तिचे.”

“डॉक्टरनं काय सांगितलं? दिसतंय म्हणाला. चांगलं दिसतंय तिला. पहिल्यापासून चांगलंच दिसत होतं.”

“दादाचा फोन घरीच असतो दिवसभर. आईला त्यावरच फोन यायचा प्रफुल्लचा. तुला माहीत नाही? घरातच राहते ना तू?”

“कागदाचं मला विचारू नको, वहिनी. आईला विचार.”

“विचारलंस? मग काय म्हणाली?”

“असं म्हणाली होय.”

“मी कशाला अंगठा देऊ, मला सही येते. सातवी शिकलेय. आणि देऊ म्हटलं तर माझा उमटेल का, हे बघ, कांदे निवडून काय झालंय.”

“माझा भाऊ तिकडं जळावा असं मला वाटत असेल? काय वाटतं मला ते तुला कशाला सांगू. तू मशीन लावून बघ ना.”

“त्याचं लग्न ठरलं होतं. पोरगी सायखेड्याची. तुझ्या अर्जानंतर त्यांनी नारळ परत पाठवला, तेव्हा ह्याच ओसरीवर बसला होता तो. तू बसलीस तिथंच.”

“नको, बस बस. उठू नको. मी सहज सांगितलं.”

६

आता उरला सोमनाथ.

बुधवारी सकाळी तो बागेत होता. मांडवाखाली वाकून काड्या बांधत होता. उज्वला बांधावर उभी राहिली. अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्याची उलटतपासणी घ्यायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच येत होती. आणि ती पहिल्यांदाच का येत होती, हा विचार मनात आला तसा तिनं बाजूला सारला.

“तुमच्या फोनवरून गेलाय कागद.”

“कसला कागद?”

तिनं दाखवला. तो वाचत असताना तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला. खोटं वाचताना माणूस घाई करतो. सोमनाथनं तो दोनदा वाचला आणि खाली बसला.

“मी नाही दिला हा. आईची शपथ.”

“मग कुणी? आत्याबाईंचा अंगठा उमटत नाही. अंजलीचा उमटत नाही. किशोरकडं फोटो तुमच्या नंबरवरून आला. शनिवारी दुपारी तुम्ही कुठं होता?”

“इथंच. फोन घरी होता.” त्यानं सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला. “घाल, उज्वला. माझ्यावरही आळ घाल. एक घातलाच होता त्याच्यावर, आता माझ्यावर घाल.”

ती वळली आणि दहा पावलांवर थांबली.

आळ. तीन वर्षं हा माणूस ‘प्रफुल्लनं चोरी केली’ असं म्हणत आला होता. दुकानात, पारावर, पाहुण्यारावळ्यांत, तिच्या आधी तोच म्हणायचा. आळ हा शब्द त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. आळ घालतात तो न केलेल्या गोष्टीचा.

पण दुपार व्हायला आली होती आणि तिच्यापाशी विचार करायला वेळ नव्हता. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

७

तिनं ठरवलं ते साधं होतं. कुणी केला हे नंतर बघू. आईनं केला नाही, हे तर सिद्ध करता येतं.

बारा वाजता तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ओमान सरांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सिंधुबाईंना आतून बोलावलं. त्या आल्या. पदराला हात पुसले आणि सांगितलं तिथं उभ्या राहिल्या.

“सर, हे सरकारी मशीन आहे,” उज्वला हिंदीत म्हणाली. “आता बघा. यांचा अंगठा हे घेत नाही. म्हणजे तुमच्याकडच्या कागदावर तो येणार कुठून? आत्याबाई, ठेवा इथं.”

सिंधुबाईंनी अंगठा ठेवला.

काचेखाली लाल उजेड लागला. मशीन क्षणभर गुरगुरलं. मग आतल्या बाईच्या आवाजात, दिवसातून दोनशे वेळा म्हणावं तसं, ते म्हणालं:

प्रमाणीकरण यशस्वी.

पडद्यावर नाव आलं. सिंधुबाई. वय अडुसष्ट.

“पुन्हा ठेवा,” उज्वला म्हणाली. 

प्रमाणीकरण यशस्वी.

तिनं सासूचा हात धरून उजेडात उताणा केला. अंगठ्यावर रेषा होत्या. एकीच्या आत एक. तळहात मऊ होता. बोटांवर एकही भेग नव्हती. भेगाळलेल्या बोटांनी वाती वळता येत नाहीत, कापूस अडकतो, तुटतो. आणि ही बाई दहा दिवस तिच्या डोळ्यांसमोर सूपभर वाती वळत होती.

“काय म्हणतात आई?” फोनमधून ओमान सरांनी विचारलं.

“माझाच हाय,” सिंधुबाई फोनकडे बघून म्हणाल्या. “म्याच दिला.”

ओमान सरांना मराठी येत नव्हतं. ते उज्वलाकडे बघत थांबले. तिलाच ते हिंदीत सांगावं लागलं.

८

“दोन वर्षं झाली मळ्यात जात नाय मी,” सिंधुबाई म्हणाल्या. “प्रफुल्लनं सोडवली मजुरी. म्हणाला, आई, हात खराब करू नको आता. कातडं गळून नवं आलं. तुला दिसलं नाय.”

दोघी अर्ध्या शटरच्या आत बसल्या होत्या, उज्वला पोत्यावर, सिंधुबाई उंबऱ्यालगत. ओमान सरांकडून संध्याकाळी सहापर्यंतची मुदत तिनं मागून घेतली होती.

“अंजलीला माहीत होतं?”

“तीच घेऊन गेली. टायपिंगवाल्यासमोर समदं सांगितलं तिला. तवर तिलाही ठावं नव्हतं. लय रडली. मग घरी येऊन तिनंच फोटो पाठवला.”

“पण का, आत्याबाई? आपल्या पोराला तिकडं–”

“त्या रविवारी तू लग्नाला गेली व्हतीस. मी ह्याच ओट्यावर व्हते.” सिंधुबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. “सोमनाथ प्रफुल्लला म्हणाला, मशीन चालू कर, पोती वजन करून ठेवू. मशीन उघडल्याबिगर काटा चालत नाय ना तुमचा. त्यानं उघडलं. वजन झालं. मग त्याला धाडलं बागेला पाणी द्यायला. तो गेला आन टेम्पो आला. चौदा पोती. म्या मोजली.”

 एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत होती आणि ती बसताना उज्वलाला थांबवता येत नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटं. मशीननं एवढंच सांगितलं होतं, की अंगठा प्रफुल्लचा. पोती कुणी उचलली हे त्यात नव्हतं. ते तिनं आपल्या मनानं जोडलं होतं. का उघडलं याचं उत्तर त्यानं दिलं नव्हतं. दिलं असतं, तर त्यात भावाचं नाव आलं असतं. नाव मोकळं झालं की येईन. आणि आज बागेत तो शब्द, आळ.

“तुम्ही तेव्हा का नाही बोललात?”

“तू मला इचारलं? तू मशीनला इचारलं.”

मग त्याच पुढं म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू. इचारलं असतंस तरी म्या सांगितलं नसतं. सोमनाथचं नाव निघालं असतं तर दुकान जातं, पोरं उघड्यावर येतात. प्रफुल्ल एकटा व्हता. एकटा माणूस सोसंल, असं वाटलं. एक पोरगा राखला, एक घातला. दर रविवारी फोनवर इचारायचा, आई, वहिनीला सांगितलं का? म्या म्हणायचे, पुढल्या रविवारी. तीन वर्षं पुढला रविवार. शेवटच्या फोनला त्यानं इचारलंच नाय. जेवली का, एवढंच म्हणाला.”

शटरखाली सोमनाथचे पाय येऊन थांबलेले उज्वलाला दिसले. ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

“तो चोर म्हणून गेला,” सिंधुबाई म्हणाल्या. “चोर म्हणूनच पेटीत घालून आणू? भाऊबंद जमतील, म्हणतील, आला गहूचोर. तिकडं परके हायेत, पण त्याला कुणी चोर म्हणणार नाय.”

“अहो,” उज्वला शटरकडे बघून म्हणाली. “आत या. सांगा ह्या खोटं बोलतात म्हणून.”

पाय तसेच उभे राहिले.

“बागेच्या मांडवाला तार घ्यायला पैसे हवे होते,” बाहेरून सोमनाथचा आवाज आला. “भरून ठेवणार होतो. देवाशपथ भरून ठेवणार होतो. तू दुसऱ्याच दिवशी मोजायला बसलीस.”

“मग लोकांपुढं बोला आता.”

 पाय हळूहळू वळले आणि बागेच्या वाटेला लागले. उज्वलाला राग यायला हवा होता. पण आत शोधलं तर राग कुठंच नव्हता. होती ती एक ओळखीची सुटका. तीन वर्षांपूर्वी मशीनमध्ये प्रफुल्लचं नाव दिसलं, तेव्हा वाटली होती अगदी तशी. दुसरं कुणी बोलत नाही तोवर आपल्यालाही बोलावं लागत नाही.

“मी कबूल केलं तर आणू द्याल त्याला?” तिनं विचारलं.

“माझ्यापाशी काय कबूल करती? मला ठावं हाय. ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना सांग.”

३ (दुरुस्त)

[त्याच शाखेत बुधवारी दिलेला अर्ज. देण्याआधी दुपारी चार वाजता दुकानासमोरच्या रांगेला वाचून दाखवला.]

मी, उज्वला सोमनाथ, रास्त भाव दुकानदार, अर्ज करते की, माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या अर्जात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी. गव्हाची चौदा पोती माझ्या दिराने नेली नव्हती. ती माझ्या पतीने नेली. मशीन प्रफुल्लने उघडलं, ते मोठ्या भावाने सांगितलं म्हणून. का उघडलं याचं उत्तर त्याने दिलं नाही, कारण त्याला भावाचं नाव घ्यायचं नव्हतं. अधिक चौकशीची गरज होती. ती मी केली नाही. माझ्या पतीचा संबंध आहे आणि माझाही आहे. दुकान ठेवायचं की काढून घ्यायचं ते साहेबांनी ठरवावं.

९

वाचून झालं तरी रांग हलली नाही. उज्वलाला वाटलं होतं, कुणी शिवी देईल, कुणी थुंकेल. तसं काहीच झालं नाही. बायका आपापल्या पिशव्यांच्या बंदांशी खेळत राहिल्या, कुणी पदर सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यांवर आश्चर्य नव्हतं, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

“झुंबरबाई,” ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

“टेम्पो माझ्या दारावरनं गेला,” झुंबरबाई म्हणाली. “सोमनाथ पुढं बसला व्हता.”

“मग तीन वर्षं–”

“तुझ्याच दारात धान्य घ्यायचं व्हतं ना, बाई.” ती पुढं सरकली आणि पिशवी काट्यावर ठेवली. मग ती पुन्हा उचलून घेतली. “राहू दे. आज नको.”

एकेक करून सगळ्या गेल्या.

संध्याकाळी पावणेसहाला सिंधुबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या. नवा कागद त्यांच्या हातात होता, नवा अंगठा त्यावर ओला होता. ओमान सरांनी हिंदीत विचारलं, आई, तुमची काय इच्छा? उज्वलानं ते मराठीत सांगितलं.

“पोराला घरी पाठवा,” सिंधुबाई म्हणाल्या.

१०

सोमवारी दुपारी मुंबईहून गाडी आली. कागदपत्रं सोडवून घ्यायला सोमनाथच गेला होता. तो ड्रायव्हरशेजारून उतरला आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. पेटी लाकडी होती, लांब, पिवळट, चारी बाजूंनी पट्ट्या मारलेली. वर चिकटवलेल्या कागदावर अरबी अक्षरं, आणि इंग्रजीत प्रफुल्लचं नाव.

भाऊबंदांनी ती ओट्यापर्यंत आणली. दारात सिंधुबाई उभ्या होत्या.

“खाली ठेवा,” त्या म्हणाल्या.

पेटी अंगणात ठेवली गेली. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ऊन डोक्यावर होतं.

“सांगितलं का?” सिंधुबाईंनी उज्वलाला विचारलं.

“सगळ्या गावाला सांगितलं, आत्याबाई. अर्जही दिला.”

“त्याला?”

उज्वला पेटीशी गेली आणि खाली बसली. रांगेपुढं तिच्या हातात कागद होता, त्यातलं वाक्य न वाक्य तिनं दोनदा पक्कं केलं होतं. आता हात मोकळे होते. ते कुठं ठेवावेत हेही तिला कळेना. तिनं एक पेटीवर ठेवला. लाकूड तापलेलं होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली.

तीन वर्षांत तिनं त्याला कशानंच हाक मारली नव्हती. घरात त्याच्याविषयी बोलताना ती ‘तो’ म्हणायची.

“भाऊजी, गहू तुम्ही नेला नव्हता.”

कुणीतरी खाकरलं. सिंधुबाई दारातून हलल्या नाहीत. एवढ्यानं पुरं झालेलं नाही, हे उज्वलाला त्यांच्याकडे न बघताही कळलं. मागं सोमनाथ उभा होता, अंजली उभी होती, दोन्ही बाजूंचे भाऊबंद उभे होते, आणि जे सांगायचं ते अजून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, अर्जातही लिहिलं नव्हतं.

“तुमचं नाव दिसलं तेव्हा मला बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “दुसरं नाव निघेल अशी भीती होती. म्हणून मी पुढं विचारलं नाही. मला कळलं नव्हतं असं नाही. मी कळून घेतलं नाही.”

आवाज इतका लहान होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल. सिंधुबाईंना गेला. त्या दारातून बाजूला झाल्या.

“घ्या आत,” त्या म्हणाल्या.

तिघं पुढं आले आणि पेटीला हात घातला. चौथ्या कोपऱ्याला कुणी नव्हतं. तो सोमनाथचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणी अडवलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. तो गाडीपाशी मान खाली घालून उभा होता, खांदे हलत होते. तिघं वाकलेले तसेच थांबले.

उज्वलानं पदर खोचला. घरातली बाई प्रेताला खांदा देत नाही, असं मागून कुणीतरी हळूच म्हणालं. तिनं चौथा कोपरा धरला आणि उचलला.

पेटी फार जड होती.